नीळ आणि काव

गेल्या फेब्रुवारीत आमच्या गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर पंधरा दिवस दोन मोठे ड्रॉइंग पेपर चिमटे लावून लटकत होते. एक निळा, एक विटकरी. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनने खालूनच विचारलं, "ताई, कुठल्या पक्षाचे?"

पक्ष दोनच होते आणि दोघांचीही ताकद एकेका मताची. निळ्याकडून आई, विटकरीकडून मी. नवरा तटस्थ, म्हणजे 'तुम्ही ठरवा, पेंटरला कधी बोलवायचं तेवढं सांगा' या मताचा. लेकाने बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर 'तीन भिंती पांढऱ्या आणि एक ॲक्सेंट वॉल' असा तोडगा सुचवला. आईने त्याला विचारलं, "त्या एका भिंतीने काय पाप केलंय?" त्यानंतर तो या विषयात पडला नाही.

खोली आईसाठीच रंगवायची होती. बाबा गेल्यावर वर्षभर ती राजापूरजवळच्या आमच्या घरात एकटी राहिली. ऐन श्रावणात ओटीच्या पायरीवरून घसरली, हाड मोडलं नाही एवढंच नशीब, आणि दिवाळीनंतर 'महिनाभर येत्ये' म्हणून डोंबिवलीला आली. तो महिना लांबला. लेकाची खोली रिकामीच होती. दहा बाय अकरा, उत्तरेला एक खिडकी. खिडकीतून दिसते ती शेजारच्या बिल्डिंगची भिंत, जेमतेम बारा फुटांवर, कधीकाळी पिवळी असलेली, पावसाच्या ओघळांनी काळवंडलेली.

मला विटकरी हवा होता. गावचं घर जांभ्या दगडाचं. आतल्या भिंतींना खाली कंबरेएवढी काव, म्हणजे तांबड्या मातीचा रंग, आणि त्याच्या वर आढ्यापर्यंत नीळ घातलेला चुना. जांभ्यातून उठून सिमेंटमध्ये आलेल्या बाईला निदान भिंतीवर तरी माती दिसावी, असं माझ्या मनात होतं. शिवाय, खोटं कशाला बोलू, फोनवर टेराकोटा रंगाच्या खोल्यांचे फोटोही बरेच बघून झाले होते. पाठीमागे विटकरी भिंत, पुढे वेताची खुर्ची, खुर्चीवर कोणीही बसलेलं नाही.

आईने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तांबडं नको गो. तांबडं म्हणजे काम."

तिचं म्हणणं समजायला मला वेळ लागला, कारण माझ्या आठवणीत ते काम सणासारखं आहे. गणपतीच्या आधी पावसाने जरा उघडीप दिली की घर रंगवायला निघायचं. मागच्या पडवीत पिंपात कळीचा चुना टाकून वर पाणी ओतलं की पिंप खदखदायला लागायचं. खाली जाळ नाही, लाकूड नाही आणि पाणी उकळतंय! आम्हा मुलांना जवळ फिरकायची बंदी, कारण एक थेंब डोळ्यात गेला तर डोळाच जायचा. भट्टीत भाजलेल्या शिंपल्यांची ती पूड पाण्याला भेटली की अशी पेटते. रात्रभर निवला की चुना जुन्या धोतरातून गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी घालायचं आणि मग बाबा फडक्याच्या पुरचुंडीत बांधलेली नीळ त्यात फिरवायचे. नीळ किती पुरे झाली हे त्यांना हातावर पट्टा ओढून कळायचं. ओला चुना नुसताच पाणचट राखी दिसतो. भिंतीवर चढून, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून तो कडक होतो तेव्हा पांढरा होतो. शिंपल्याचा चुना भिंतीवर पुन्हा शिंपलाच होतो म्हणायचा, फक्त चपटा.

वरचं रंगवणं बाबांकडे, कारण शिडी त्यांची. खालची काव आईची. दोन्हींच्या मधली रेघ मात्र दोघं मिळून मारायची. सुतळी कावेत बुडवून दोन टोकं दोघांनी भिंतीला घट्ट धरायची आणि बाबांनी मधे चिमटीत धरून टचकन सोडायची. भिंतीवर सरळ तांबडी रेघ उठायची. सुतळी सोडायची संधी वर्षातून एकदा मला मिळायची. माझी रेघ दरवेळी जाड यायची.

आणि आईची आठवण काय? उकिडवं बसून, भिंतीला गाल लागेल इतकं वाकून, काथ्याच्या कुंच्याने चार खोल्या, माजघर, ओटी आणि पडवी यांचा खालचा पट्टा. मग तीच काव ओट्याच्या कडेला, तुळशीवृंदावनाला. नखांतून ती दसऱ्यापर्यंत निघायची नाही. "तुला रंग आठवतो," ती म्हणाली, "मला कंबर आठवते."

यावर काय बोलणार? तरी मी पेपर रंगवलेच.

मधे थोडं विषयांतर करते, कारण त्या पंधरा दिवसांत मला एक प्रश्न सतावत होता. आमच्याकडेच नव्हे, जवळपास सगळ्याच जुन्या घरांत हेच दोन रंग का? काव आणि नीळ. हिरवा का नाही, जांभळा का नाही? मी हे आवडीचं, परंपरेचं काहीतरी समजत होते. उत्तर चुन्यात निघालं. ताजा चुना इतका दाहक असतो की बहुतेक रंगांना तो खाऊन टाकतो. फुलापानांचे रंग तर टिकतच नाहीत. प्रशियन ब्लू नावाचा कागदावर देखणा दिसणारा निळा चुन्यात घातला की मरतो. लोहाच्या गंजाने तांबडी-पिवळी झालेली माती मात्र तगते, आणि आपली कपड्यांची नीळही तगते. आजीने किंवा पणजीने रंग निवडलाच नव्हता. चुन्याने ज्यांना जगू दिलं ते दोन भिंतीवर राहिले.

कावेचं गणित सोपं. जांभा ज्याने तांबडा होतो त्यानेच ती तांबडी. गोव्यात आणि सिंधुदुर्गात जुन्या देवळांच्या भिंतींवर जी कावी चित्रं दिसतात त्यांचं नावच कावेवरून पडलं. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. आमच्या घरात एवढी कला नव्हती. शेणाने सारवलेली जमीन, दारातून उडणारं पाणी, मुलांचे पाय, टेकून बसणाऱ्यांच्या पाठीचं तेल, हे सगळं भिंतीच्या खालच्या तीन फुटांत होतं. ते दिसू नये म्हणून काव.

निळीची कथा लांबची आहे. तोच निळा एकेकाळी अफगाणिस्तानात बदख्शानच्या खाणीतल्या राजावर्त दगडापासून करायचे आणि युरोपातले चित्रकार तो सोन्याच्या भावाने घ्यायचे. मग फ्रान्समध्ये हा रंग कारखान्यात करून दाखवणाऱ्याला ६,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं आणि ते १८२८ मध्ये गिमे नावाच्या माणसाने पटकावलं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजायचा. एवढ्यावर राजेशाही रंग इतका स्वस्त झाला की धोतरं पांढरी दिसावीत म्हणून शेवटच्या पाण्यात घालायला गावोगावच्या वाण्याकडे पुड्यांमध्ये आला. पिवळट कापडाला किंचित निळं केलं की डोळ्याला ते जास्त पांढरं वाटतं. चुन्यात नीळ घालायची तीही याचसाठी. आमची 'निळी' भिंत मुळात पांढरी दिसण्यासाठी निळी होती, हे कळल्यावर मला उगाचच वाईट वाटलं. आणि मूळ दोन्हींचं मातीतच. माझी माती गंजलेली, आईची भाजलेली.

तर ते पेपर. भिंतीवर थेट नमुने मारू नयेत असं आमच्या पेंटरमामांचं मत. सोलापूरकडचे आहेत, तीस वर्षं डोंबिवलीत रंगकाम करतात आणि बोलतात कमी. "भिंतीवर मारलं की बाजूचा जुना रंग खोटं बोलायला लावतो," ते म्हणाले. आमच्या त्या खोलीचा जुना रंग म्हणजे लेकाच्या बारावीतला भडक पोपटी. त्याच्या शेजारी ठेवलं तर विटकरी आगीसारखा पेटायचा.

मामांना ठाऊक असलेली गोष्ट फ्रान्समध्ये शेव्रल नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथात मांडली. तो गोबलँ या सरकारी गालिचा-कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा नीट काळा नाही अशी विणणाऱ्यांची तक्रार आली. त्याने तपासलं तर धागा उत्तम काळा. त्याच्या शेजारी विणलेला निळा-जांभळा धागा त्याला फिका पाडत होता. दोन रंग एकमेकांना खेटले की दोघेही बदलतात. म्हणून मीही दोन्ही पेपर एकमेकांपासून हातभर लांब लावले, कडेला पांढरी पट्टी सोडून, आणि रोज खोलीत आणून चारी भिंतींवर आळीपाळीने चिकटवून बघायचं ठरवलं. निरीक्षणं कालनिर्णयाच्या चौकोनात लिहायची. दूध आणि इस्त्रीच्या हिशेबांच्या मधे अजून ती दिसतात: 'स. ८ नि. छान, वि. मेलेला.' 'दु. १२ वि. बरा.' 'सं. ६.४५ वि. काळा!!'

त्या दोन उद्गारचिन्हांचं कारण असं. दिवेलागणीला मी मुद्दाम दिवा न लावता खोलीत बसले होते. उजेड ओसरत गेला तसा माझा लाडका विटकरी आधी तपकिरी झाला, मग चक्क काळा. निळा मात्र अंधारात मागे राहिला, थोडा उजळल्यासारखाच. मला वाटलं मनाचे खेळ. दुसऱ्या दिवशी तेच. हे पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने १८२५ मध्येच लिहून ठेवलंय असं नंतर वाचलं. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कमी पडतात आणि अंधारातल्या पेशी कामाला लागतात. त्यांना तांबडं जवळजवळ दिसतच नाही, निळ्या-हिरव्याच्या बाजूचं दिसतं. गावी संध्याकाळी कंदील लावायच्या आधी माजघर कसं दिसायचं ते मला तेव्हा आठवलं. खालचा पट्टा विरघळून जायचा आणि वरची भिंत हवेत तरंगायची. लहानपणी मला त्याची भीती वाटायची.

सकाळी विटकरी मेलेला का, त्याचंही कारण होतं. खोली उत्तरेची. तिच्यात फेब्रुवारीत सूर्य येत नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो. त्या उजेडात तांबड्यात जीव येणार कुठून? दुपारी मात्र समोरच्या बिल्डिंगच्या पिवळ्या भिंतीवर ऊन पडायचं आणि तो पिवळा उजेड परतून आमच्या खोलीत यायचा. तेवढे दोन तास विटकरी गुळाच्या ढेपेसारखा दिसायचा आणि निळा हिरवट, आजारी. थोडक्यात, माझ्या खोलीचा रंग शेजारच्या सोसायटीच्या हातात होता. त्यांनी पुढच्या वर्षी बाहेरून गुलाबी रंग दिला तर मी काय करणार होते?

या सगळ्यातून मी विटकरीवरचा हक्क सोडला. प्रामाणिकपणे सांगायचं तर आईच्या कंबरेने अर्धा सोडवला आणि उत्तरेच्या खिडकीने उरलेला.

मग निळा कोणता, हा दुसरा अंक. दुकानात शेड कार्डवर निळ्याच्या पट्ट्याच पट्ट्या. एकेका पट्टीवर सात घरं, वर फिक्यात फिका, खाली गडद. प्रत्येकाला इंग्रजी नाव आणि आकडा. आईला घेऊन गेले होते. तिच्याकडे रंगांना नावं लुगड्यांची: चिंतामणी, अंजिरी, आमसुली, श्रावणी, मोतिया, डाळिंबी. काउंटरवरच्या मुलाला ती म्हणाली, "चिंतामणी नको, अस्मानी नको. नीळ घातलेला दाखव." तो बिचारा कॉम्प्युटरमध्ये शोधायला लागला.

आमच्या घरी विकतचा डबा पहिल्यांदा आला तो डिस्टेंपरचा, मी शाळेत असताना. डब्यावर हातात कुंचा धरलेला, कपाळावर केसांची बट आलेला गट्टू. तो आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढला हे मला फार उशिरा कळलं. मला तो आमच्याच गावचा कोणीतरी वाटायचा. डिस्टेंपर आल्यावर पिंप गेलं, धोतराची गाळणी गेली. बाबा शिडीवर चढायचे तेवढे राहिले.

पट्टीतलं वरून दुसरं घर मी निवडलं. हलका, निवांत. मशीनने पांढऱ्या बेसमध्ये दोन-चार थेंब सोडले, डबा गदगदा हलवला आणि छोटा नमुना हातात दिला. घरी येऊन पेपर रंगवला, वाळवला, आईच्या पलंगासमोर चिकटवला.

"हा कोणता?"

"निळा, आई."

"ह्यात नीळ कुठाय? हा राखी."

मला वाटलं फारच फिका झाला. तिसरं घर आणलं. "राखी." चौथं आणलं. "हा जरा बरा, पण मळकट आहे." पाचव्याला ती म्हणाली, "ढगाळलंय." एव्हाना दुकानातला मुलगा मला बघून आधीच हसायला लागला होता. सहाव्या घरापाशी आल्यावर आईने पेपरकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हां. आता निळा दिसतो."

सहावं घर म्हणजे पांढऱ्या बेसचं काम नाही. त्याला गडद बेस लागतो. त्यात पांढरा जवळजवळ नसतोच, रंग न घालता उघडला तर साबणाच्या पाण्यासारखा धुरकट दिसतो. म्हणून तो भिंत चटकन झाकत नाही. मामांनी नमुना पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "ताई, हा चार भिंतींवर खूप होईल. आणि तीन हात खाईल." मी म्हटलं, आईला हाच हवाय. त्यांनी पोपटीवर पॉलिश पेपर मारायला घेतला.

घासताना खाली काय काय निघालं! पोपटीखाली फिका पिस्ता, त्याखाली आम्ही घर घेतलं तेव्हाचा क्रीम आणि त्याखाली आधीच्या मालकांचा गुलाबी ऑइल पेंट. तो दिसल्यावर मामांनी मला आणि आईला खोलीबाहेर काढलं, तोंडाला फडकं बांधलं आणि कोरडं घासणं थांबवून ओल्या पेपरने घासायला सुरुवात केली. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. नव्या घरगुती रंगात ते दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, पण भिंतीवर आधीच बसलेल्याला नियम कोण सांगणार? गुलाबीखाली दाराच्या चौकटीपाशी, बोटाएवढ्या जागेत, आणखी एक थर होता. निळसर पांढरा चुना. मी मामांना तो तसाच ठेवता येईल का विचारलं. ते म्हणाले, "चुन्यावर पुट्टी धरत नाही, पोपडे निघतील," आणि पत्र्याने खरवडून टाकला. बरोबरच होतं त्यांचं.

पाच दिवसांत खोली झाली. नवऱ्याने दारातून डोकावून विचारलं, "पोहायला कपडे लागतील का?" खरंच तसंच वाटत होतं. दारातून आत जाताना अंगावर पाणी आल्यासारखं व्हायचं. पांढऱ्या बल्बखाली तर बघवत नव्हतं. मी तो काढून पिवळा लावला. पण आई पलंगावर बसली, चारी भिंती बघितल्या, आणि म्हणाली, "झकास. वरचं तुझे बाबा असंच करायचे." त्यापुढे मी तिला काही म्हटलं नाही. बाबांच्या चुन्यात याचा शंभरावा हिस्साही निळा नव्हता, हे मला स्पष्ट आठवत होतं.

एक गोष्ट या सगळ्यात आमच्या डोळ्यांसमोर होती आणि डोक्यात शिरली नव्हती. आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे जानेवारीतच कळलं होतं. साखर वाढलेली म्हणून ऑपरेशन पुढे गेलं होतं. अंधुक दिसतं, वाचता येत नाही, रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात, हे सगळं ती सांगायची. काळा समजून गडद निळा ब्लाउज दोनदा घालून बसली तेव्हा आम्ही हसलोही. पण मोतीबिंदू आणि रंग यांची सांगड कोणी घातली नाही. मी, जी पुर्किन्ये आणि शेव्रल वाचत बसले होते, मीसुद्धा नाही.

जूनमध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "चांगलंच पिकलेलं भिंग होतं. कोऱ्या चहासारखं." आणि मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, मोतीबिंदूत काही जणांचं तपकिरी होतं, आणि पिवळ्या-तपकिरी काचेतून निळा उजेड पलीकडे फारसा जात नाही. म्हणजे आई वर्षानुवर्षं जग कोऱ्या चहातून बघत होती. मी आणलेला पहिला निळा खरोखर निळा होता. तो तिच्यापर्यंत पोचत नव्हता. तिने मागितला तेवढाच निळा तिला दिसावा म्हणून मी डबे वाढवत गेले. निळीने पिवळेपणा मारायचा असतो हे मला माहीत होतं. पिवळेपणा निळीला मारतो, हे उलटं गणित सुचलं नाही.

असं फसलेली मी एकटी नाही. फ्रान्समध्ये जिव्हर्नीला चित्रकार क्लोद मोनेचं घर आहे. त्याची जेवणाची खोली झगझगीत पिवळी आणि तिला लागून असलेलं स्वयंपाकघर निळं, निळ्या नक्षीच्या फरशांचं. मधल्या दारात उभं राहिलं की दोन्ही दिसतात. मी ते फोटोतच पाहिलंय. त्या माणसाला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. शेवटच्या काही वर्षांत तो ट्यूबवरची नावं वाचून आणि पॅलेटवर रंगांची जागा ठरवून ठेवून काम करायचा. त्या काळात काढलेला त्याचा जपानी पूल तपकिरी-तांबडा पेटलेला आहे. १९२३ मध्ये एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि मग त्याची तक्रार उलटी झाली: सगळं फार निळं दिसतंय. तेव्हा भिंग नुसतं काढून टाकायचे आणि जाड चष्मा द्यायचे. डोळ्यात नवीन भिंग बसवायची सुरुवात १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी केली. युद्धात विमानाच्या छपराचे प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते आणि डोळ्यांनी ते निमूट सहन केले होते, हे पाहून त्यांना ती कल्पना सुचली. आईच्या उजव्या डोळ्यात आता तसंच एक भिंग आहे, सहा मिलिमीटरचं.

घरी आल्यावर काळ्या चष्म्यात तिला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली, थेंब घालून झाले, चष्मा बाजूला ठेवून तिने भिंतीकडे बघितलं.

"अगोबाई! हे कोणी केलं?"

"तू."

"मी? हा असला निळा? बॉलपेनाच्या शाईचा? तुला कळत नाही होय गो, मी म्हातारी काहीही सांगेन!"

नापास झालेल्या चारही घरांचे पेपर मी तिच्यासमोर आणून ठेवले. मी ते फेकलेले नव्हते. दुसऱ्या घराचा, पहिल्याच फेरीत नापास झालेला, तिने हातात घेतला. "हा. हा होता तो. हा का नाही दिलास?" त्या दिवशी मी तिच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही.

पेपरांच्या गुंडाळीत तळाला विटकरीही होता. तो उलगडून ती उजव्या डोळ्याने बघत राहिली. म्हटलं, निदान ह्याची तरी ओळख पटली असेल. "ही काव का?" म्हणाली. "ओली असताना अशी दिसते. वाळली की निम्मी उतरते." आणि मला आठवलं की मी घरात असायचे ती त्या ओल्या दिवसांत, गणपतीच्या सुट्टीत. मग शाळेसाठी आत्याकडे रत्नागिरीला. वाळलेली, उन्हाळ्यातली, बोटाला पूड लागणारी फिकट काव वर्षभर आईच बघायची. मी दुकानातून आणला होता तो ओलेपणाचा रंग.

पुन्हा रंगवायचं का, असं मी विचारलं. मामांना फोनही केला. ते हसले नाहीत, पण थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, गडदावर फिका चढवायचा म्हणजे आधी प्रायमर, मग दोन हात, पाऊस संपल्यावर बघू. डाव्या डोळ्याची तारीखही दिवाळीनंतरची मिळाली आहे. आई म्हणते घाई नको, मामांचीही नको आणि डॉक्टरांचीही नको.

परवा संध्याकाळी दिवा लावायला खोलीत गेले तर ती पलंगावर टेकून बसली होती. एक डोळा तळव्याने झाकलेला. मग तो हात काढून दुसरा डोळा झाकला. पुन्हा पहिला. मी बटणाकडे हात नेला तर म्हणाली, "थांब."

"काय करतेस आई?"

"काही नाही. खोली बदलत्ये."